उतरायचं कुठं?

मुंबईला निघालेल्या माणसाला आमच्या गावात 'काय काय बघणार?' असं कुणी विचारत नसे. विचारायचे ते एवढंच, 'उतरणार कुठं?' १९७७ साली या प्रश्नाला कुणी 'हॉटेलात' असं उत्तर दिलं असतं, तर भावकीत काय बिनसलंय याची चौकशी दुसऱ्या दिवशी पारावर सुरू झाली असती. उत्तरात नातं यायला हवं. मामाकडे, चुलतभावाकडे, मेव्हण्याच्या मेव्हण्याकडे. आमचं उत्तर होतं आत्या, लालबाग.

त्या वर्षीच्या मे महिन्यापासून २०२५ च्या डिसेंबरपर्यंत मी मुंबई बघायला म्हणून, कामासाठी म्हणून आणि पुढं मास्तर झाल्यावर सहली घेऊन कितीदा तरी गेलो. कायमचा कधी राहिलो नाही. त्यामुळं माझी मुंबई ही पाहुण्याची मुंबई. दर वेळी वेगळ्या जागी उतरलो आणि दर वेळी वेगळंच शहर दिसलं. त्यातलं शहर बदललं म्हणून किती आणि मुक्काम बदलला म्हणून किती, हे बघण्यासाठी जुने फोटो, सहलीच्या हिशेबवह्या आणि स्वतःची आठवण चाळत बसलोय. हिशेबवह्या त्यातल्या त्यात विश्वासाच्या.

कराडहून रात्रीची एसटी पकडली की पहाटे परळला उतरायचं. आत्याची खोली दहा बाय बाराची. त्यात ती, मामा (आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात), तीन मुलं आणि गावाकडून नोकरीला आलेला एक पुतण्या. त्यात आम्ही पाच जण येऊन पडलो. आजच्या माणसाला हे गणित सुटायचं नाही, पण तेव्हा सुटायचं. मामांची रात्रपाळी होती, म्हणजे त्यांची जागा रात्री मोकळी. मोठे पुरुष गॅलरीत, पोरं गच्चीवर, बायका आत. सकाळी मामा गिरणीतून आले की ते माळ्यावर जाऊन झोपायचे आणि खाली आम्ही आवाज न करता चहा प्यायचो. नळाला पाणी पहाटे चारला. आत्या साडेतीनला उठायची. आम्ही उठेपर्यंत मोरीतलं पिंप भरलेलं असायचं आणि ते कुणी भरलं हा प्रश्न माझ्या तरी डोक्यात आला नाही.

शेजारच्या चाळीत कोकणातल्या गावांचे गाळे होते. एकेका गावाची एकेक खोली, तीत पंधरा-वीस पुरुष, प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी. पाळीपाळीनं झोपायचं आणि जेवायचं खानावळवालीकडे. या खानावळवाल्या बायका म्हणजे बहुतेक गिरणीकामगारांच्याच बायका. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांची अन्नपूर्णा महिला मंडळ ही संघटना बांधली, हे मला पुष्कळ नंतर वाचून कळलं. त्या वेळी फक्त जिन्यात येणारा सुकटीचा वास कळला होता. गावाहून मुंबई बघायला आलेला एकटा माणूस या गाळ्यात दोन-चार दिवस सहज खपून जाई. गावाचं नाव सांगितलं की वळकटी टाकायला जागा व्हायची.

तर, मुंबई बघणे. मामांच्या सुट्टीच्या वाराला दोन दिवस जोडून आमचा कार्यक्रम ठरला. पहिली राणीची बाग, कारण जवळ. बाग १८६० च्या दशकातली, पण आम्हाला वाघ-सिंहांशी मतलब. मामांनी मात्र आधी संग्रहालयाजवळचा दगडी हत्ती दाखवला. हा घारापुरीचा मूळचा हत्ती. त्याला बघूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा नाव दिलं. पुढं इंग्रजांनी तो विलायतेला न्यायला उचलला तेव्हा क्रेनच मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते सांधून तो इथं उभा केला. त्याच आवारात काळ्या घोड्यावर बसलेला सातवा एडवर्डही होता. १९६५ साली त्याला फोर्टातून हलवून इथं आणलेलं. म्हणजे काळा घोडा या नावाचा चौक एकीकडे आणि खुद्द घोडा भायखळ्याला. फोर्टातल्या चौकात नवा, स्वाराविना घोडा उभा राहिला तो २०१७ साली, तोवर पन्नासेक वर्षं तिथं घोड्याचं नुसतं नाव नांदत होतं.

मग तारापोरवाला मत्स्यालय, मग मलबार हिलवर म्हातारीचा बूट. बुटाच्या समोरची हँगिंग गार्डन ही पाण्याच्या प्रचंड टाकीच्या डोक्यावर केलेली बाग आहे, हे मामांनी पाय आपटून सांगितलं. 'ह्याच्या खाली पाणीय, आख्ख्या मुंबईचं.' आख्ख्या मुंबईचं नव्हतं, दक्षिण भागाचं, पण आम्ही त्या दिवशी फार जपून पावलं टाकली. तिथून चौपाटीवर भेळ. दुसऱ्या दिवशी वरळीचं नेहरू तारांगण, ते दोनच महिन्यांपूर्वी, मार्चमध्ये उघडलं होतं आणि लालबागमध्ये त्याचीच चर्चा होती. खुर्ची मागे कलली, दिवे मालवले, घुमटावर तारे उमटले आणि रात्रपाळी करून आलेले मामा पहिल्या पाच मिनिटांत घोरायला लागले. अख्खं आकाश डोक्यावर फिरत होतं आणि शेजारची गुजराती बाई त्यांच्याकडे बघत होती. वडिलांनी कोपरानं ढोसलं तर मामा म्हणाले, 'मेन बंद झाला काय?' त्यांना लूम थांबल्यासारखं वाटलं होतं.

शेवटी गेटवे. डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर अगदी पुढची बाकं धरून गेलो. ती बाकं मिळवण्यासाठी दोन बसगाड्या सोडल्या होत्या. कमानीपाशी फोटोवाला. त्यानं फोटो काढला, पैसे आणि पत्ता घेतला आणि फोटो पुढं महिन्याभरानं पोस्टानं गावी आला. तो आजही आहे. मागं कमान, कडेला ताजचा घुमट अर्धा कापलेला, पुढं आम्ही पाच जण, मामा, तीन भावंडं. आत्या नाही. ती घरी होती. अकरा माणसांचा स्वयंपाक होता.

माझी तेव्हा समजूत अशी की आधी गेटवे झाला असणार आणि मग त्याच्यासमोर हॉटेल. प्रत्यक्षात ताज १६ डिसेंबर १९०३ ला उघडलं, गेटवेचं उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ ला. तब्बल एकवीस वर्षांनी. ज्या पंचम जॉर्जच्या आगमनासाठी ही कमान म्हणतात, त्याला १९११ साली पुठ्ठ्याचं मॉडेल बघून समाधान मानावं लागलं होतं. आणि शेवटची गोरी पलटण २८ फेब्रुवारी १९४८ ला याच दारातून बाहेर पडली. म्हणजे दार म्हणून त्याचा खरा उपयोग निरोपालाच झाला. ताजच्या आराखड्यावर काम करणाऱ्यांत एक सीताराम खंडेराव वैद्य होते, हे नाव आपल्याकडे फारसं घेतलं जात नाही. जमशेटजी टाटांना कुठल्याशा गोऱ्यांच्या हॉटेलात शिरू दिलं नाही म्हणून त्यांनी ताज बांधलं, ही गोष्ट मात्र प्रत्येक गाइड सांगतो. गोष्ट छान आहे, पण आधार नाही.

मुंबई बघायला येणं हे आपल्याकडे किती जुनं, याचा एक पुरावा म्हणजे गोविंद नारायण माडगांवकरांचं 'मुंबईचें वर्णन'. ते १८६३ साली छापलं. त्याच वर्षी बोरघाटातून आगगाडी चालू झाली. म्हणजे देशावरच्या माणसाला मुंबईत उतरायला गाडी आणि मुंबई समजून घ्यायला मराठी पुस्तक, दोन्ही एकाच वर्षी मिळालं. उतरण्याची सोय मात्र दोन वेगळ्या रांगांत वाढत गेली. एका रांगेत काळ्या घोड्याजवळचं वॉटसन हॉटेल, लोखंडी सांगाडा इंग्लंडात ओतून जहाजानं आणलेलं, जिथं ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. दुसऱ्या रांगेत क्रॉफर्ड मार्केटसमोरचं सरदारगृह, गिरगावातलं माधवाश्रम, सी. पी. टँककडच्या धर्मशाळा. मराठी माणूस या दुसऱ्या रांगेतला. लोकमान्य टिळक मुंबईत आले की सरदारगृहात उतरत आणि १ ऑगस्ट १९२० ला त्यांचा अंत झाला तोही तिथंच. वॉटसनमध्ये सिनेमा आला आणि सरदारगृहात चळवळ. यापेक्षा जास्त मी ही तुलना ताणत नाही.

१९८२ च्या १८ जानेवारीला गिरणीसंप सुरू झाला. अडीच लाख कामगार. मामा त्यातले एक. संप संपला असं कधी कुणी जाहीर केलं नाही. मामा दीड वर्ष वाट बघून आत्याला घेऊन गावी आले, खोली पुतण्याकडे राहिली. आमच्या 'उतरणार कुठं?' चं उत्तर तेव्हाच गेलं, पण आम्हाला ते पुढच्या खेपेला निघेपर्यंत कळलं नाही.

ती खेप १९८८ ची. नुकता मास्तर झालो होतो, बदलीच्या कामासाठी एका सरकारी कचेरीत खेटे घालायचे होते. गावातल्या कार्यकर्त्यानं सांगितलं, 'लॉजबिज कशाला, साहेबांची खोली आहे की.' आमदार निवास! ग्रामीण महाराष्ट्राचं खरं हॉटेल. चिठ्ठी खिशात असली की झालं. मी मॅजेस्टिकमध्ये उतरलो. साहेब मुक्कामाला नव्हते, पण त्यांच्या दोन खाटांवर चौघं आणि जमिनीवर सतरंज्या टाकून सात जण होते. कुणी पतसंस्थेच्या कामाला, कुणी पोराच्या अॅडमिशनला आणि सांगोल्याकडचा एक म्हातारा नुसता समुद्र बघायला आलेला. आठ दिवस झाले होते त्याला. रोज सकाळी गेटवेला जाऊन बसायचा आणि जेवायला परत यायचा.

ही मॅजेस्टिकची इमारत मुळात मॅजेस्टिक हॉटेल होती, एके काळी शहरातल्या मोठ्या हॉटेलांत गणली जाणारी. ताजचं काम ज्या चेंबर्सनं पूर्ण केलं त्याचाच हा आराखडा. पुढं सरकारनं ती घेतली आणि जिथं साहेबलोक पंख्याखाली बसत तिथं कोपरी-टोपीतला माणूस सतरंजीवर झोपू लागला. लोकशाही म्हणजे काय हे नागरिकशास्त्राच्या तासाला शिकवताना मला कायम ही इमारत आठवायची, पण पुस्तकात नसल्यानं सांगितलं नाही. कचेरीतलं माझं काम काही झालं नाही. मात्र फोर्ट पायी बघून झाला. राजाबाई टॉवर, हायकोर्ट, बोरीबंदर. समोरच्या फूटपाथवरून मान वर करून बोरीबंदरच्या दगडातली माकडं, मोर आणि मगरी शोधत बसलो होतो. ते स्टेशन जागतिक वारसा झालं २००४ साली. आम्हाला त्यात नवल वाटलं नाही, उशीर वाटला.

नव्वदच्या दशकात सहली सुरू झाल्या. एसटीची एक गाडी, अठ्ठेचाळीस पोरं, दोन मास्तर, एक बाई, एक शिपाई. मुक्काम कुठल्यातरी ओळखीच्या शाळेच्या वर्गात, बाकं बाजूला सारून. सहलीच्या मास्तराला मुंबई दिसत नाही, डोकी दिसतात. राणीच्या बागेत आत जाताना अठ्ठेचाळीस, बाहेर पडताना सत्तेचाळीस. एकदा तो अठ्ठेचाळिसावा मत्स्यालयात सापडला, एका काचेपुढं. सगळे पुढं गेले तरी हा कासवाकडं बघत उभा. 'गुरुजी, हे थकलंय.' मी त्याला बखोटीला धरून बाहेर आणला. आता ते मत्स्यालयच बंद आहे. १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते उघडलेलं, २०१५ साली नवं रूप दिलेलं, पण गेली काही वर्षं त्याचं दार उघडलेलं नाही.

वह्या चाळताना एक गोष्ट दिसते. सुरुवातीच्या सहलींत यादी तीच आहे जी मामांची होती, फक्त वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र वाढलेलं. पुढं पोरांनी गोराईचं एस्सेलवर्ल्ड मागायला सुरुवात केली. टीव्हीवर जाहिरात लागायची. तिथं तिकीट एवढं की बाकी सगळ्या मुंबईचा खर्च एकीकडे आणि ते एकीकडे. मी दोनदा विरोध केला, तिसऱ्यांदा पालकसभेत हरलो. नंतर विद्यार्थ्यांना वांद्र्याला बंगले बघायचे होते, शाहरुख खानचा 'मन्नत'. फाटकासमोर उभं राहून फाटक बघायचं. एका पोराला विचारलं, 'काय दिसलं?' 'वॉचमन.' सहलवृत्तांतात त्यानं तेच लिहिलं, मी पैकीच्या पैकी गुण दिले.

याच काळातली एक खेप पर्यटनाची नव्हती. वडिलांना परळला टाटा रुग्णालयात आणलं होतं, महिनाभर. उतरलो दादरला, गाडगे महाराज मिशनच्या धर्मशाळेत. आमच्यासारखी शेकडो माणसं तिथं होती, महाराष्ट्राची आणि बाहेरची. संध्याकाळी व्हरांड्यात स्टोव्ह पेटायचे आणि बंगाली मोहरीचा, आपल्या लसणाचा, कुणाच्या कढीपत्त्याचा वास एकमेकांत मिसळायचा. वडिलांना बरं वाटलं त्या दोन-तीन संध्याकाळी त्यांना शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर नेऊन बसवलं. पोरं क्रिकेट खेळत होती. वडील म्हणाले, १९७७ ला हे बघायचं राहिलं होतं. आजारपणाच्या निमित्तानं मुंबई बघितलेल्या माणसांची मोजदाद कुणी केली तर ती फोटो काढायला आलेल्यांपेक्षा कमी भरणार नाही, असं माझं मत आहे.

आणि ६ डिसेंबर, बाबासाहेब आंबेडकरांचा महापरिनिर्वाण दिन. मराठवाडा-विदर्भातल्या हजारो घरांची मुंबई ही चैत्यभूमीची मुंबई आहे. शिवाजी पार्कातले मंडप, तेच उतरायचं ठिकाण. अभिवादन झालं, राजगृह बघून झालं की दुसऱ्या दिवशी ही कुटुंबं गेटवेला, राणीच्या बागेत दिसतात. पांढरी साडी, हातात पुस्तकांची जड पिशवी, कडेवर पोर. एका वर्षी ७ तारखेला मी समुद्राकाठी समोर बसलेल्या आजींना विचारलं, कुठून आलात. परभणीकडच्या. समुद्र पहिल्यांदा बघत होत्या. खारा आहे का बघायला एक बोट बुडवून चाखलं आणि नातीला म्हणाल्या, 'खोटं नव्हतं लिहिलेलं.' पर्यटनाच्या पुस्तिकांत या दिवसाचा उल्लेख 'गर्दी असते, टाळा' एवढाच असतो. टाळायचं काय कारण?

२००९ साली बायकामुलांना घेऊन गेलो तेव्हा प्रथमच पैसे मोजून उतरलो, दादरच्या एका लॉजवर. नाव सांगत नाही. फोनवर ठरलेला दर काउंटरवर वाढला, आणि 'सी-साइड' खोलीची खिडकी उघडली तर हात लांब केल्यावर शेजारच्या इमारतीचा पाइप लागत होता. खोलीत आम्ही चौघंच, कुणाची रात्रपाळी नाही, नळाला चोवीस तास पाणी. तरी पाहुणा म्हणून गेल्यासारखं वाटेना. सकाळी कुणी 'आज कुठं कुठं जाणार?' असं विचारलं नाही, संध्याकाळी 'काय काय बघितलं?' असंही नाही. बघितलेलं सांगायला कुणी नसलं की ते निम्मंच बघितल्यासारखं राहतं.

गेटवेला त्या वर्षी कठडे आणि तपासणीच्या रांगा होत्या. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याला वर्षही झालं नव्हतं. ताजच्या जुन्या इमारतीत काम चालू होतं, ती २०१० च्या १५ ऑगस्टला पुन्हा उघडली. लोक आता कमानीकडं पाठ करून हॉटेलचे फोटो काढत होते. मुलांना मात्र सी-लिंक बघायची होती, ३० जूनला ती नुकतीच उघडली होती. टॅक्सी केली. साडेपाच किलोमीटर, पाच-सात मिनिटं, टोलसकट. मधोमध त्या तारांखाली धाकटा म्हणाला, 'थांबवा ना, उतरूया.' टॅक्सीवाला हसला. 'इथं उतरता येत नाय.'

त्याचं ते वाक्य पुढं खरंच होत गेलं. आज मुंबईला जाऊन आलेल्याला काय बघितलं विचारा. अटल सेतू, पावणेबावीस किलोमीटरचा, कोस्टल रोड आणि त्याचा बोगदा, मेट्रो तीन. सगळी जायची साधनं. अटल सेतू २०२४ च्या जानेवारीत उघडला तेव्हा लोक गाड्या थांबवून फोटोला उतरले आणि पोलिसांनी त्यांना दंड केला. लोकांचं चुकलं, हे मान्य. पण त्यांची सवय मला ओळखीची वाटली. बघायचं म्हणजे उतरायचं, हे त्यांच्या अंगात होतं. कोस्टल रोडच्या कडेनं २०२५ मध्ये चालायची वाट खुली झाली, ही त्यातल्या त्यात शहाणपणाची गोष्ट. डबलडेकर मात्र गेली. जुन्या डिझेलच्या शेवटच्या गाडीला १५ सप्टेंबर २०२३ ला लोकांनी हार घालून निरोप दिला. विजेवरच्या नव्या आहेत, वातानुकूलित, काचा बंद. वारा नाही तर वर बसायचं कशाला, हे माझं म्हाताऱ्याचं मत.

२०२५ च्या डिसेंबरात मुलानं मोबाईलवर दोन खोल्या घेतल्या, परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या उंच हॉटेलात. मामांची गिरणी ही नव्हे, ती पलीकडे होती आणि तिथं आता काचेची कचेरी आहे. मामा नाहीत. आत्या शहाऐंशी वर्षांची, डोळे बरे, गुडघे खराब. तिला मुद्दाम घेऊन गेलो. एका रात्रीचं भाडं तिला सांगितलं नाही, मामांचा १९७७ सालचा वर्षाचा पगार त्यात बसला असता.

अठराव्या मजल्यावर ती खिडकीशी खुर्ची ओढून बसली. पूल, टॉवर, क्रेन. बराच वेळ काही ओळखू येईना. मग एक उरलेली चिमणी दिसली आणि तिच्यावरून तिनं बोटानं रेघ ओढत भारतमाता टॉकीज, मग आपली गल्ली, मग 'इथं खोली' असं काचेवर टेकवून दाखवलं. तिथं आता निळी ताडपत्री घातलेलं बांधकाम होतं. सकाळी नाश्त्याला पदार्थांच्या रांगा बघून तिनं एकच विचारलं, 'एवढी भांडी कोण घासतं?'

खोलीत चादरी बदलायला एक गढवाली पोरगा आला. आत्याला हिंदी मोडकंतोडकंच येतं. तिनं विचारलं, 'तू कहाँ उतरा है?' तो म्हणाला, 'दादर, माँजी. वहाँ से बस.' 'तसं नव्हं रं.' मुलानं मध्ये पडून अर्थ सांगितला. तेव्हा तो म्हणाला, दिव्याला राहतो, एका खोलीत आठ जण. काही दिवसपाळीचे, काही रातपाळीचे. त्यामुळं जागेला अडचण येत नाही. आत्यानं मान हलवली आणि पाण्याची विचारपूस केली. पाणी पहाटे येतं, तो म्हणाला.

मी इतकी वर्षं चाळीतल्या पाहुणचाराच्या आठवणी काढून हळवा होत आलोय, हे कबूल करतो. पण त्या खेपेला तिला विचारलंच, की आम्ही यायचो ते आवडायचं का. ती म्हणाली, 'तुम्ही यायचा ते आवडायचं. मे महिना आवडायचा न्हाई.' हॉटेल तिला एकूण पसंत पडलं. कुणाच्या बाईला साडेतीनला उठायला नको, हे तिचं कारण.

मंगळवारी गेटवेला नेलं. लालबागला वीसेक वर्षं राहून तिनं ते एकदाच बघितलेलं, संपाच्या आधी, खानावळवाल्या बायकांच्या मोर्चाहून परतताना. फोटोवाल्यानं गळ्यातल्या पिशवीतल्या यंत्रातून दोन मिनिटांत छापील फोटो हातात दिला. कमान, ताजचा घुमट या वेळी पूर्ण, पुढं मुलगा, सून, नातवंडं, मध्ये आत्या. मी नाही. सगळ्यांच्या पिशव्या धरून बाजूला उभा होतो.

बुधवारी ती म्हणाली, राणीच्या बागेत चल, हत्ती बघायचाय. पेंग्विन आलेत, तिकीट पन्नास रुपये झालंय, हे सगळं मी तिला गाडीत सांगत होतो. भायखळ्याला पोचलो तर फाटकाला कुलूप. बागेलाही आणि संग्रहालयालाही. आत्या गाडीतूनच बघत म्हणाली, 'असू दे. दगडाचाय, कुठं जातोय.'

राणीची बाग आणि भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असतं. घारापुरीची लेणी सोमवारी. निघण्याआधी वार बघून निघा.